सिलिंडरची चावी दहिसरला

आग प्रतिबंधाचा ऑनलाइन कोर्स करायचा म्हणजे करायचाच, असं मी ठरवलं होतं यार. प्रवेशाची अट काय, तर आपल्या बिल्डिंगमधलं आग विझवायचं सिलिंडर हातात धरून व्हिडिओ पाठवा. आमचं सिलिंडर सोसायटीच्या ऑफिसात, कुलपात. सेक्रेटरी सावंतकाकांना फोन लावला.

“चोरीला जातं गं, म्हणून आत ठेवलंय. चावी माझ्याकडे आहे, पण मी दहिसरला लेकीकडे आलोय.”

“आणि काका, आग लागली तर?”

“तर फोन कर ना. लगेच निघतो.”

मी पार्ल्याहून दहिसर गाठलं, चावी आणली, व्हिडिओ केला आणि सिलिंडर सरळ जिन्यात टांगलं.

संध्याकाळी काकांचाच फोन. “अगं, आता चोरीला गेलं तर?”

म्हटलं, “तर फोन करा ना, काका. लगेच निघते.”