पुराव्याचं झुरळ

रविवार, सकाळचे आठ, साल सत्त्याऐंशी, डोंबिवली पूर्व, आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल. लिहून घ्या, कारण महिपत हे सगळं नाकारतो. महिपत म्हणजे विठ्ठलवाडीचा आमचा मित्र, परवाना असलेला हौशी रेडिओवाला. मला म्हणतो, "तू बातम्या लिही रे, रिसीव्हर बनवणं तुझं काम नाही. रविवारी आठला मी हवेवर बोलणार, ऐकून दाखव." मला? सव्वीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला? तुम्हाला सांगतो, मी पुराव्याशिवाय बोलत नाही.

तर चार महिने खपून सेट बांधला, तारन् तार स्वतः सोल्डर केली, आता उरलं काय, तर कॉइलच्या डब्यांतले स्क्रू फिरवून आवाज जुळवणं. सोपं वाटतं ना... स्क्रूड्रायव्हर आत घातला की आवाज खणखणीत, बाहेर काढला की मेला. पुन्हा आत, खणखणीत. बाहेर, मेला. आठवडाभर हेच, आणि दोष कुणाचा? लोखंडाचा. लोखंड जवळ आलं की कॉइलचं गणितच बदलतं, हे मी शोधून काढलं, महिपतने नाही सांगितलं. मग आमच्या सुमतीची विणकामाची प्लास्टिकची सुई घेतली आणि कानशीने टोक चपटं केलं. ती म्हणाली, "अहो, त्या सुईवर स्वेटरची बाही होती." होती. विज्ञानासाठी उसवली.

आठ वाजले. सुई लावली, पाव फेरा, सुई काढली... आवाज तसाच. आणि महिपत, शेजारच्या खुर्चीत बसल्यासारखा स्पष्ट: "आमचा एक बातमीदार रिसीव्हर बनवतोय. त्यात झुरळं येतील, स्टेशन यायचं नाही. ओव्हर." त्याच्याशी बोलणारा साताऱ्याचा रेडिओवाला हसला, तेसुद्धा ऐकू आलं, काय सेट बांधलाय बघा. मी टेबलावर हात आपटून महिपतला झापायला लागलो, तर सुमती म्हणते, "अहो, तो ऐकत नाहीये. ऐकताय तुम्ही."

तसाच विठ्ठलवाडीला गेलो, शब्दन् शब्द सुनावला. तर म्हणतो, "मी असं बोललोच नाही. आणि तुझा सेट चालत नाही." म्हटलं, सुमती साक्षीदार आहे. "वहिनी तुझ्याच बाजूने बोलणार." तुम्हाला सांगतो, मी पुराव्याशिवाय बोलत नाही, म्हणून एवढंच विचारलं, सेट चालत नाही, तर झुरळं मला कळली कुठून?

पाच वर्षं झाली. बाहीचं विचारू नका. दर रविवारी आठला सेट लावून बसतो. महिपत साताऱ्याला हवामान सांगतो, गुडघेदुखी सांगतो, सगळं स्वच्छ ऐकू येतं. झुरळांवर अजून अवाक्षर नाही.