निशाण वर गेलं तेव्हा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी फुटबॉलवाले दोघं बसले होते, तरुण रेफरी आणि वयस्क लाइनमन.

“दादा, काल तुम्ही निशाण वर केलंत म्हणून मी शिट्टी मारली. गोल रद्द केला!”

“ते ऑफसाइडचं नव्हतं रे. उजव्या डोळ्यापुढे एकदम अंधार आला, म्हणून तुला बोलवत होतो.”

“काय सांगताय! मग शिट्टीनंतर निशाण समोर आडवं धरलंत ते? मला वाटलं, मैदानाच्या मधल्या भागातला खेळाडू ऑफसाइड होता असं दाखवताय.”

“तीस वर्षांची सवय. शिट्टी ऐकली की हात आपोआप तिथे येतो.”

“अहो, फायनल होती ती! डाव्या डोळ्याने तरी दिसत होतं ना?”

“डावा गेल्या वर्षीच गेला. सांगितलं असतं, तर मला लाइनवर उभं केलं असतंस?”