आधी सुकडी, मग बाराखडी

अगं बाई, त्या हेडमास्तरांनी तर माझं डोकंच उठवलं होतं. बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. जऊळक्याजवळच्या एका शाळेत मी पहिलीला शिकवायची. सुकडी, म्हणजे पोरांसाठी सरकारकडून येणारा तो कोरडा गोड खाऊ, शाळा सुटताना वाटत. पोरं उपाशीच येत अन् पाटीऐवजी दिवसभर सुकडीच्या डब्याकडं पाहत.

मी म्हटलं, "गुरुजी, रिकाम्या पोटी बाराखडी कशी शिरन? सुकडी आधी द्या."

"आधी देली तर पोट्टे पळून जातीन."

रोज हेच उत्तर. वैतागून एक दिवस मीच सकाळी वाटली. पोरांनी खाल्ली अन् सगळा वर्ग खरंच पळाला. हेडमास्तर दारात येऊन म्हणाले, "सांगत होतो ना तुमाले?"

तेवढ्यात पोरं ओल्या तोंडानं परत आली. कोरडी सुकडी घशात अडकली म्हणून विहिरीवर गेली होती. पाटी मांडीवर घेत त्यांतली गंगी म्हणाली, "बाई, आता शिकवा."

हेडमास्तर म्हणाले, "उद्यापासून पाणीबी तुमीच भरून ठेवा."