सगळ्यांना पंचवीस

—उठू नको सपना, अमळनेरची गाडी यायला वेळ आहे अजून, रोज अपडाऊन करतेस, तुला काय सांगायचं. बस. रागावलो नाहीये मी. रागवायचं असतं तर वर्कशॉपमध्येच सगळ्यांसमोर बोललो असतो—बोललो का? नाही बोललो. म्हटलं, आपल्याच ग्रुपची आहे, फाट्यावर एकटी भेटेल, तेव्हा नीट विचारू.

वृषाली मॅडमची पद्धत चांगलीच आहे, मी कधी वाईट म्हटलं नाही. आधी काय व्हायचं—बाहेरून परीक्षक यायचा, चहा प्यायचा, यंत्र कशाचं आहे हेसुद्धा न विचारता मार्क देऊन निघून जायचा. आता प्रोजेक्टचे मार्क आपले आपणच द्यायचे. प्रत्येकाने शंभर मार्क बाकीच्या चौघांत वाटायचे, मोबाइलवर, गुपचूप, आणि कोणाला कमी दिले तर एका ओळीत कारण लिहायचं. झकास. आणि आपण काय ठरवलं होतं—आमच्या शेतात भरीत खायला जमलो होतो, तू पण होतीस, पुऱ्या तळत होतीस—काय ठरलं? सगळ्यांना पंचवीस. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. झारा हातात धरून मान डोलावलीस तू, मी बघितलंय.

मग पहिल्या फेरीत माझे कमी कसे आले? थांब, तू नको सांगू, मीच सांगतो. मॅडम कोणी कोणाला किती दिले ते दाखवत नाहीत, फक्त ज्याची त्याची सरासरी लावतात. माझी घसरली. मगनची वाढली, पुनीतची वाढली, प्रियलची वाढली—माझे काढलेले त्यांच्यात गेले, सरळ आहे. तुझी तेवढी पंचवीसच्या पंचवीसच राहिली. का राहिली? स्वतःला मार्क देता येत नाहीत म्हणून. एवढी हुशार तू, आणि इथे चुकलीस बघ. आमची आजी म्हणते ना, माले बठ्ठं समजस—तसं आहे माझं, सगळं कळतं मला. वाईट वाटलं मला. खरंच वाटलं. आमच्या घरचं जेवलीस तू.

आणि कारण काय लिहिलंस—पात्यांवरच्या जाळीचा स्विच काढून टाकला. मॅडमनी मला वाचून दाखवलं, नाव न घेता. काढला नाही गं, त्याला वगळून तार जोडून दिली, फरक आहे त्यात. तुला माहितीये ना काय व्हायचं, धागा काढायला केळीच्या खांबाची पट्टी आत घातली की त्या पात्यांनी चोथा उडतो, तो ओला चोथा स्विचमध्ये जातो, यंत्राला वाटतं जाळी उघडली, की मोटर बंद. धागा राहतो अर्धा आत. उद्या डेमोला फैजपूरची माणसं यंत्र बघायला येणार, खुद्द प्राचार्य येणार, आणि त्यांच्यासमोर यंत्र बंद पडलं तर? मागच्या वर्षी पंडितच्या ग्रुपचा पंप बंद पडला, अजून त्याला बंद पंप म्हणतात. कोर्स संपला त्याचा, तरी म्हणतात. मला नाही तसं नाव घेऊन हिंडायचं. आता चालू झालं की चालूच राहतं, काहीही मध्ये आलं तरी—म्हणजे चोथा आला तरी.

मगनचं बोट? ते दारात सापडलं. हॉस्टेलच्या दारात. तसंच सांगायचं ठरलंय—तसंच झालंय. तू होतीस तिथे? नव्हतीस ना. मग. मगन स्वतः काही म्हणतो का? त्याने मला पंचवीसच दिले. पट्टी बांधलेल्या हाताने दिले. त्याला म्हणतात ग्रुप.

तर उद्या डेमो झाला की शेवटची फेरी. बाकीच्यांशी बोलणं झालंय माझं. तुला शून्य. चौघांचं शून्य म्हणजे सरासरी शून्य, मग यंत्र कितीही गाजू दे, तू त्यात नापास, आणि नाशिकची ती नोकरी—पास झालीस तरच ना? कारण पण एकच लिहायचं ठरलंय, ग्रुपमध्ये मिसळत नाही. मॅडम काय करणार? त्यांनीच आणली पद्धत. चौघं एक सांगतात आणि एकटी वेगळंच सांगते, तर पद्धत कोणाचं ऐकणार? रडू नको, रडण्यासारखं काही नाही. प्रियल पण रडली होती, मग समजलं तिला.

मीच म्हटलं त्यांना, थांबा, मी बोलून बघतो. एवढंच करायचं तू—उद्या यंत्राला खांब तू लावायचा. मगनचा हात चालत नाही, पुनीत घाबरतो—घाबरतो म्हणजे, त्याला सवय नाही. मी लीडर, मी पाहुण्यांना माहिती देणार. तू लिहिलंस ना धोका आहे, मग तूच सगळ्यांसमोर दाखव की नाहीये. मॅडमच्या समोर. की झालं, परत सगळ्यांना पंचवीस. जाळी बसवलीये मी, पिवळा रंग पण दिलाय. स्विच? आहे की जागेवर, दिसतो पण. तार आतून गेलीये, ती कोणाला दिसते.

अशी काय बघतेस? हो म्हण, नाहीतर नको म्हणू, उद्या खांब हातात घेतलास की समजेन मी.

आली बघ तुझी गाडी. हात कर, नाहीतर पुढे काढेल तो. आणि ऐक—सकाळी येताना केस घट्ट बांधून ये. ओढणी नको. हातात बांगडी-बिंगडी पण नको घालू. नाही गं, धोका काही नाही. तरी. जा, चढ.