टिपूस न आलेली सून

तोंडाचा कोरडेपणा अंगावर काढू नका, असं दातांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, तेव्हा ज्योत्स्नानं ते हसण्यावारी नेलं होतं. परवा जालन्याच्या बसस्टँडवर लेकीला मांडीवर घेऊन बसली असताना, मागच्या बाकावरच्या सासूसुनेचं बोलणं मात्र ती कान देऊन ऐकत होती.

"आत्याबाई, डॉक्टर म्हणलेत तसं रक्त तपासायला देऊनच जाऊ ना. पाचवा महिना लागलाय."

"डोळे कोरडे पडले म्हणून पोटातल्या लेकराला काय व्हतंय, दैवशाला?"

"तोंडबी कोरडंच हाय. घासाघासाला पाणी लागतंय."

"आन् बापाच्या मौतीला टिपूस न्हाई काढलं. बाया मलाच म्हणल्या, तुळजाबाई, दगडाची सून आणली."

"रडू आल्तं हो. पाणीच न्हाई आलं. डोळ्यात नुसती मिरची घातल्यावाणी आग."

"मंग तव्हाच सांगायचं न्हाई का?"

"कुणी खरं मानलं असतं?"

"...रक्तात काय बघणारेत?"

"माझं रक्त माझ्याच अंगावर उठलंय का, ते. तसं असलं तर बाळाच्या काळजाचे ठोके मंद पडू शकतेत म्हणे. मंग याच महिन्यापासून सारखे तपासावे लागतेत."

"पुढल्या महिन्यात येऊ. गाडी लागली बघ, चल जल्दी!"

जन्मापासूनच काळजाचे ठोके मंद असलेल्या लेकीला सावरून ज्योत्स्ना उठेपर्यंत गाडी हलली होती. गाडीवर पाटी घनसावंगीमार्गे कुंभार पिंपळगावची होती. तिकडं तुमचं कुणी असेल, तर ज्योत्स्नाचं एवढं ऐका: तुळजाबाईंच्या सुनेला गाठा, आणि बाळाचे ठोके कुणी तपासले का, ते विचारा.