हिच्या गाडीतलं लिमिटेड स्लिप

नाही नाही, असं लांबून नाही कळायचं — इकडे या, वाका जरा, पँट सांभाळा, तिथे ऑइल सांडलंय — हां, गाडी जॅकवर उचललीय, आता हे मागचं चाक हाताने फिरवा. फिरवा हो, तुमचीच गाडी आहे, चावत नाही. आता पलीकडचं चाक बघा. बघितलंत? उलटं फिरतंय. तुम्ही हे पुढे लोटताय आणि ते मागे चाललंय. हे दोन चाकांच्या मधलं साधं डिफरन्शियल. आणि शिव्या देऊ नका त्याला, वाईट नाही ते — वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, मग दोघांना आपापल्या चालीने चालू द्यायला पाहिजे की नको? पाहिजे. तेवढ्यासाठी ते असतं. पण त्याचा एक घाणेरडा स्वभाव आहे — जे चाक सोपं फिरेल, त्याच्याकडेच सगळा जोर पाठवायचा. म्हणजे एक चाक चिखलात गेलं की ते बसतं गरगरत, आणि ज्याच्याखाली चांगली घट्ट जमीन आहे ते आपलं ढिम्म. परवा त्या चढावर तुमचं हेच झालं ना? तुम्ही खाली उतरून ढकलत होतात, आणि — बायको चालवत होती? असं. बायको चालवत होती. बरं. बरं बरं.

बसा. ते स्टूल घ्या, त्याचा एक पाय आखूड आहे पण पडत नाही कोणी. चहा ठेवलाय मी, थर्मासमध्ये असतोच. घाई नाही ना? मला पण नाही. तर तुमच्यापुढे दोन रस्ते. एक लॉकर. बटण दाबलं की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली गेली, एक हवेत असलं तरी दुसरं ओढणार म्हणजे ओढणार. हट्टी माणूस असतो ना घरात, तसं. पण डांबरावर आलात आणि बटण बंद करायला विसरलात, की वळणावर टायर ओरडतात, स्टिअरिंग जड होतं, आणि एक दिवस आतलं काहीतरी कडकन जातं. दुसरं लिमिटेड स्लिप. त्याच्यात प्लेटा असतात, क्लचसारख्या, त्या दोन्ही चाकांना थोडं धरून ठेवतात — थोडंच. वळणावर सोडतात, घसरायला लागलं की धरतात. बटण नाही, काही नाही, त्याचं ते बघतं. आता मला सांगा, तुमचा रस्ता कसा? अर्धा डांबरी, वरचा टप्पा लाल मातीचा, पावसात साबण. रोजचं जाणं-येणं. चालवणारे दोघं. मग यात विचार करण्यासारखं आहे काय? नाही. डोळे झाकून लिमिटेड स्लिप घ्या. माझ्याकडे येणारी पोरं सगळी लॉकर मागतात, कारण बटण असतं ना, बटण दाखवता येतं मित्रांना. तुमचं तसं नाही. तुम्हाला घरी पोचायचंय.

नवं? नवं मागवावं लागेल, आणि ते कधी येईल हे देवालाही माहीत नसेल. तोपर्यंत पावसाळा — काय म्हणालात? कुठल्या गाडीतलं? मागच्या शेडमधल्या? ती — ती नाही. ती आहे एकाची. गिऱ्हाइकाची. ठेवून गेलाय.

आणि तसं बघायला गेलं तर, लॉकर काही इतका वाईट नाही हं. मी मघाशी जरा जास्तच बोललो. लॉकरच घ्या तुम्ही. अहो, लिमिटेड स्लिपच्या प्लेटा झिजतात, त्याला ऑइलही वेगळं लागतं, दुसरं घातलं की वळणावर कुरकुर सुरू. आणि चाक पार हवेत गेलं तर? तर ते काही धरत नाही. मग हँडब्रेक हलकेच ओढायचा, अगदी हलका, दोन बोटांनी, म्हणजे त्या मोकळ्या चाकाला जरा अडकवायचं, की जोर दुसऱ्या चाकाकडे जातो — हे सगळ्यांना नाही जमत. हात लागतो त्याला. हिला जमायचं. मी बाजूला उभा राहून बघायचो तर हँडब्रेक ओढलेला दिसायचाही नाही, नुसती गाडी एकदम शांत व्हायची आणि वर चढायची. मला म्हणायची, तुम्ही बटण दाबता आणि विचार करायचं सोडून देता. मी म्हणायचो, बटण कशासाठी दिलंय मग? यावरून आमचं इतकं वाजायचं की — तुमची बायको पण भांडते? भांडू दे. चांगलं असतं ते.

हो, आमची ही. बायको. तिची आहे गाडी, गिऱ्हाईक कसलं आलंय. तुम्हाला कळलंच असणार, असं मला काही खोटं बोलता येत नाही. तुमच्याच जातीची गाडी, हे ज्याच्या पोटात बसतं तो एक्सल तोच, म्हणून म्हणताय ना तुम्ही? बरोबर आहे, बसेल. नट न बदलता बसेल. बाहेर ती दुसरी उभी आहे ना, धूळ खात, ती माझी, लॉकरवाली. दोन गाड्या होत्या आमच्याकडे, आणि लोक हसायचे, म्हणायचे नवरा-बायको एका गाडीत मावत नाहीत का? पण डोंगरात जायचं तर एकट्या गाडीने जायचं नाही. हा नियम आहे. अडकलात तर ओढायला कोण? म्हणून दोन. ती पुढे, मी मागे. ती चढ चढायची, मी खाली इंजिन बंद करून थांबायचो — दोघांनी एकदम चढायचं नाही, वरची घसरली तर खालच्यावर येते — आणि वर पोचली की ती दोनदा हॉर्न द्यायची. पीं पीं. म्हणजे मी आले, आता तुम्ही या. मला तो हॉर्न... सांगू का, संपूर्ण आठवडा मी इथे नट-बोल्टांवर पाने फिरवत असायचो आणि कानात तो हॉर्न असायचा. वेडेपणा आहे. या वयात.

आता नाही जात. सांगितलं ना, एकट्या गाडीने जायचं नाही.

नाही हो, आहे ती, चांगली ठणठणीत आहे! तुम्ही तर चेहराच पाडलात. लेकीकडे आहे. लेकीचं बाळंतपण होतं म्हणून गेली, मग नात लहान म्हणून राहिली, मग लेकीची नोकरी सुरू झाली, मग काय, मग राहिलीच. नात आता पळते म्हणे घरभर. तिकडे हिचे गुडघे दुखत नाहीत, कारण रस्ते सगळे सपाट. लेकीची छोटी गाडी चालवते, भाजीला जाते, नातीला फिरवते. मला म्हणते, बंद करा ते गॅरेज आणि या इकडे. म्हणजे म्हणायची. आधी म्हणायची. मी म्हणायचो, गिऱ्हाइकं आहेत, कामं पडलीत, असं कसं येऊ? आता तुम्ही बघताच आहात किती गिऱ्हाइकं आहेत. तुम्ही आहात. हल्ली फोनवर ती विचारत नाही. जेवलात का, औषध घेतलंत का, ठेवू का. आणि मी ते शेड झाडतो रोज, गाडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली आहे, टायर बसायला नकोत म्हणून, आणि सकाळी चहाचा कप घेऊन जातो तिथे आणि एक चाक हाताने फिरवतो. पलीकडचं पण फिरतं. त्याच बाजूला. दोन्ही बरोबर. लिमिटेड स्लिप चांगलं आहे की नाही ते असंच बघतात, न उघडता. पण रोज बघायची काही गरज नसते. ते मला पण माहीत आहे.

म्हणून सांगतो, लॉकर घ्या. तुमच्या बायकोला शिकवू आपण बटण. एकदा ती गाडी उघडली ना, एक्सल बाहेर काढला की मग ती गाडी कसली? सांगाडा. मग ही आली तर काय चालवणार?

एक मिनिट. एक मिनिट थांबा. तिच्यात लिमिटेड स्लिप आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी आत्ता बोललो, तुम्ही तर आधीच विचारलंत. मागची गाडी तर कव्हरखाली आहे, आणि बाहेरून काय दिसतंय? एक्सलवर लिहिलेलं नसतं. — कोण? — ती? हिने सांगितलं? तुमची मेहुणी तिकडे, लेकीच्याच बिल्डिंगमध्ये. अच्छा. म्हणजे तुमची बायको गेली होती बहिणीकडे, तिथे जिन्यात दोघी भेटल्या, आणि चढावर अडकल्याची गोष्ट निघाली. निघणारच, हिच्यासमोर कोणी गाडी अडकली म्हटलं की ही मांडी ठोकून बसणार. आणि मग ही म्हणाली. काय म्हणाली? नीट आठवा. असं म्हणाली की माझ्या गाडीतलं काढून घ्या, की असं म्हणाली की तिथे एक गाडी पडून आहे? माझी गाडी, असं म्हणाली का? — आठवत नाही. तुम्ही नव्हतातच तिथे, तुम्हाला बायकोने सांगितलेलं. हो. बरोबर आहे. तुम्हाला काय विचारायचं.

पडून नाही आहे ती. तेवढं सांगा तिला, तुमच्या बायकोतर्फे. पडून ठेवलेली नाही.

म्हणजे ती येणार नाही. नाही, कळलं मला, मी काय कुक्कुलं बाळ आहे? ज्याला परत यायचंय तो आपल्या गाडीचा एक्सल वाटतो का लोकांना? नाही वाटत. आणि मला फोनवर सांगायला तिला जड गेलं, म्हणून तुम्हाला पाठवलं. किंवा — ऐका हं, हे कसं वाटतं बघा — लिमिटेड स्लिप काढलं, तर त्या जागी मी तुमचं हे साधं बसवेन. फुकट थोडंच जाणार आहे ते? गाडी परत पायावर उभी. डोंगरात नाही चालणार, पण सपाट रस्त्याला साधं पुरतं. मस्त पुरतं. आणि तिकडे रस्ते सपाटच आहेत म्हणते. आणि एकट्या गाडीने जायचं नाही हा नियम डोंगराचा, हमरस्त्याला कुठला आलाय नियम? माणूस एकटा जाऊ शकतो. सकाळी निघायचं, सावकाश. हे तिच्या डोक्यात असेल का हो? तिच्या डोक्यात खूप पुढचं असतं, चढ चढायच्या आधी उतार बघून ठेवायची ती. हे म्हणजे हॉर्नच झाला की. मी पोचले, आता तुम्ही या. असं असेल? तुम्हाला काय वाटतं?

तुमच्यासाठी तेच योग्य आहे, लिमिटेड स्लिप, पहिल्यांदा बोललो तेच खरं, मधलं सगळं सोडून द्या. तुमची बायको चालवते ना, तिला लॉकर देऊन तुम्ही सपाट डांबरावर टायर खाल नुसते. काढतो मी. माझ्या हातानेच काढतो, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही. बायकोला घेऊन या गाडी न्यायला, तो हँडब्रेकचा हात तिला दाखवतो. मला हिच्यासारखा येत नाही, पण दाखवता येईल, बघून बघून पाठ आहे.

आणखी काही म्हणाली का ही? तुमच्या तोंडावर दिसतंय, मघापासून काहीतरी गिळून बसलात. माझ्याबद्दल काही? ये म्हणाली का? सांगा हो, मला काही वाटणार नाही. — काय? परत सांगा.

बोलू द्या त्यांना, म्हणाली. मध्ये तोडू नका. तिथे कोणी नसतं बोलायला, जरा वेळ काढून जा आणि बसा.

असं.

म्हणून बसलात होय तुम्ही इतका वेळ. ते चाक फिरवलंत, वाकून बघितलंत, लॉकर काय, लिमिटेड स्लिप काय, सगळं ऐकून घेतलंत — तुमचं तर ठरलेलंच होतं येतानाच. आणि मी आपला... मला वाटलं, माणसाला रस आहे. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी नीट विचारतंय.

नाही, नाही, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता. तुमचं काय चुकलं? काही नाही. चहा गार झाला तुमचा, ठेवा तिथेच, धुतो मी. किल्ली राहू दे. काम झालं की कळवतो. जाताना ते दार ओढून घ्या — राहू दे, मीच ओढतो. चला, निघा आता. माझी कामं पडली आहेत.