दार वाजल्यावर

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा कुत्र्याला घेऊन बसले होते. मांजराची टोपली मांडीवर घेतलेल्या बाईंनी त्यांना विचारलं,

"काय होतंय हो याला?"

"याची जोडीदारीण गेली. तेव्हापासून निम्मंच खातो. उरलेलं तिच्यासाठी सोडून मागे सरकतो."

"अगंबाई! आणि एरवी?"

"गप्प. भुंकायचं काम तिचं होतं. आता दार वाजलं की हा माझ्या तोंडाकडे बघतो."

"मग तुम्ही काय करता?"

"काल मीच भुंकलो."

"काहीतरीच! खरंच?"

"अगदी पोटातून. हा आधी दचकला. मग माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि जो भुंकायला लागला, तो थांबेचना!"

"दारात होतं कोण?"

"सूनबाई. म्हणाली, बाबा, यातला तुमचा आवाज कुठला?"